डार्कवूड: हेडफोनचा डावा कान गेल्यावर

गेल्या महिन्यात माझ्या हेडफोनचा डावा कान बंद पडला आणि डार्कवूड हा वरून बघत खेळायचा भीतीचा गेम खेळणंच अडलं. पडदा तोच, माउस तोच, जुना लॅपटॉपही तोच. फक्त एका बाजूचा आवाज नाही. तेवढ्यावरून रात्र निघेना. दार कुठलं वाजलं तेच समजायचं नाही, आणि समजेपर्यंत जे यायचं ते घरात आलेलं असायचं. पावसाळ्यापासून हा गेम खेळतोय, त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण काय लिहायचं ते या बिघाडामुळे ठरलं. ग्राफिक्स, कथा, शस्त्रं यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी मुख्यतः आवाजाबद्दल लिहिणार आहे, कारण माझ्या मते हा गेम त्यावरच उभा आहे.

ओळख थोडक्यात. पोलंडमधलं एक जंगल, काळ साधारण १९८० च्या दशकातला, वाट बंद, माणसं बदलत चाललेली. दिवसा हिंडून सामान जमवायचं, रात्री एका पडक्या घरात तग धरायचा. वॉर्सातल्या ॲसिड विझार्ड नावाच्या चिमुकल्या स्टुडिओनं २०१३ मध्ये इंडीगोगोवर लोकांकडून पैसे उभे केले, जुलै २०१४ मध्ये गेम अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला आणला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण केला. २०१९ मध्ये कन्सोलवरही आला. मी पीसीवर खेळतो, सेलमध्ये घेतलेला.

वरून बघत खेळायच्या गेमच्या या प्रकारात मी आलो तो एलियन शूटरमुळे. २००३ चा, रशियातल्या सिग्मा टीमचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलेला गेम. एका वेळी पडद्यावर शंभर-शंभर राक्षस, बंदुकीचा घोडा दाबून धरायचा आणि जमीन रक्तानं भरून टाकायची. मेलेले तिथंच पडून राहायचे, त्यामुळे कुठली खोली साफ केली ते प्रेतांवरून कळायचं. नंतर २०१२ चा हॉटलाइन मायामी खेळलो. स्वीडनच्या दोघांनी केलेला, एक फटका बसला की मेलात, एक बटण दाबलं की पुन्हा सुरू. दोन्ही मला आजही आवडतात. दोन्हींत आपण वरून बघतो आणि वरून बघणाऱ्याला सगळं दिसतं. खोलीत कोण उभं आहे, कोपऱ्यामागे कोण दबा धरून आहे, आपल्या पाठीमागून कोण येतंय, हे पात्राला दिसो न दिसो, आपल्याला दिसतं. वरून खेळायच्या शूटरमधली मजा निम्मी तरी तिथून येते.

डार्कवूड ती मजा काढून घेतो. तुमच्या माणसाचं तोंड ज्या बाजूला, तेवढाच पंख्याच्या आकाराचा तुकडा खरा दिसतो. बाकीची जमीन फिकट दिसत राहते, झाडं आणि भिंती दिसतात, पण तिथं कोणी हलत असेल तर ते दिसत नाही. मान वळवली की एकदम समोर कुत्रा. म्हणजे वरून बघूनही पाठ उघडीच. रात्री तर दिव्याच्या उजेडापलीकडे काहीच नाही. मग माहिती येणार कुठून? कानातून. लोडशेडिंगच्या दिवसांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, घरातले दिवे गेले की पहिल्यांदा कान जागे होतात. हा गेम बनवणाऱ्यांनी ते नेमकं पकडलंय. फळीवर पाऊल पडलं, फळीखाली काहीतरी सरकलं, दारापाशी लावलेलं कपाट एक बोटभर हललं, खिडकीवर ठोकलेल्या लाकडावर थाप पडली. प्रत्येकाचा आवाज निराळा आहे आणि काही रात्रींनंतर न बघता ओळखता येतो. अचानक किंचाळून दचकवणं यात जवळजवळ नाहीच. भीती वाट बघण्याची आहे.

आता माझा खरा मुद्दा. हेडफोनमध्ये डावं-उजवं कळतं. पडद्याच्या डाव्या अंगाला दार वाजलं तर डाव्या कानात वाजतं. पण पडद्याच्या वरच्या भिंतीला थाप पडली किंवा खालच्या, दोन्ही डोक्याच्या मधोमध ऐकू येतात. वरून दिसणाऱ्या गेममध्ये दोन कानांना चार दिशा पेलत नाहीत, हे साधं गणित आहे, पण या गेममध्ये ते जिवावर येतं. सुरुवातीच्या कित्येक रात्री मी खालच्या खिडकीकडे तोंड करून बसलो आणि संकट वरून आलं. तेव्हापासून एक पद्धत ठेवली: लाकूड आणि खिळे कमी असतील तर आधी पडद्याच्या वरच्या आणि खालच्या भिंतीतल्या खिडक्या ठोकायच्या. डावी-उजवी दारं उघडी राहिली तरी चालतील, तिथं कान राखण करतो. सापळेही वर-खालीच लावायचे. हे मला कुठल्याही गाइडमध्ये मिळालं नाही आणि नव्या खेळाडूला सगळ्यात आधी मी हेच सांगेन.

गोळीबाराबद्दलचं माझं मत आधी वाईट होतं. शूटर म्हणून आलेल्या माणसाला हा गेम कंजूष वाटतो. खिळे ठोकलेली फळी हातात, माउसचं उजवं बटण दाबून हात उगारायचा, तेवढ्यात माणसाची चाल मंदावते, मग डाव्या बटणानं मारायचं. दम लागतो. हुकलं तर कुत्रा चावतो. पुढे बंदूक मिळते ती एका बाराची: एक बार उडाला की पुन्हा भरत बसायचं, आणि काडतुसं इतकी मोजकी की खिशात चार असली तरी श्रीमंत वाटतं. पुष्कळ खेळाडूंची हीच तक्रार आहे, मारामारी जड आहे, अंगावर येणारा नीट हुकवता येत नाही. पहिल्यांदा संपवेपर्यंत मीही याच मताचा होतो.

दुसऱ्यांदा हार्ड या कठीण पातळीवर खेळायला घेतला, जिथे जीव मोजके असतात, आणि मत बदललं. एलियन शूटरमध्ये गोळी झाडणं हा श्वास घेण्याइतका सोपा प्रकार आहे, त्यामुळे कोणावर झाडली याचा विचारच येत नाही. इथं उगारलेला हात परत खाली घेता येतो, आणि कित्येकदा घ्यावासा वाटतो. जंगलात अंगावर धावून येणारे रानटी कधीतरी माणसंच होते हे तोवर समजलेलं असतं. चार काडतुसांपैकी एक खर्च करायचं म्हणजे निर्णय आहे. मारामारी जलद केली असती तर हा विचार करायला जागाच उरली नसती. जड आहे हे खरं, आणि तशीच असायला हवी.

हिंसेवरून वाद घालणाऱ्यांना हेच म्हणायचंय. २०१४ च्या ऑक्टोबरात पोलंडच्याच दुसऱ्या एका स्टुडिओनं हेट्रेडचा ट्रेलर आणला. रस्त्यावरच्या निरपराध माणसांना मारत सुटणारा एक माणूस, वरून तिरकं दिसणारं काळं-पांढरं शहर. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं डिसेंबरात तो ग्रीनलाइटवरून, म्हणजे लोकांच्या मतांवर गेम निवडायच्या त्यांच्या यादीतून काढला, लगेच परतही आणला, २०१५ च्या जूनमध्ये तो विकायला आला. वादामुळे मी तो खेळून पाहिला. त्यात रक्त भरपूर आहे, पण पहिल्या तासानंतर कशाचंच काही वाटत नाही. डार्कवूडमधली माणसं पडद्यावर अंगठ्याएवढी दिसतात, रक्त थोडंच, पण वुल्फमॅन आणि म्युझिशियन या दोन पात्रांत एकाची बाजू घ्यावी लागते आणि आपण जे केलं त्यापायी कोणाचं काय झालं ते शेवटी गेम एकेक करून सांगतो. पहिल्या वेळेचा शेवट बघून मी लॅपटॉप बंद केला आणि रात्रभर अस्वस्थ होतो. लहान मुलांच्या हातात दोन्ही देऊ नयेत. मोठ्यांनी मात्र ‘हिंसक आहे’ या एका शब्दात दोन्ही एकाच टोपलीत टाकू नयेत.

हेडफोनकडे परत येतो, कारण राग अजून गेलेला नाही. वॉरंटी बाकी होती. सर्व्हिस सेंटरवर गेलो. आधी मूळ खोका मागितला. खोका होता. मग बिलाची छापील प्रत मागितली, मोबाइलवरचं चालणार नाही म्हणाले. छापून नेली. मग तपासून कागदावर ‘फिजिकल डॅमेज’ लिहून परत केलं, कारण म्हणे पिनेजवळ वायर दुमडलेली आहे. वायरवाला हेडफोन रोज वापरला तर वायर पिनेजवळ दुमडणारच, तिथंच तिला वळण आहे. जी जागा वापरानं झिजणारच ती वॉरंटीतून वगळायची, तर वॉरंटी कशाची? काउंटरवरच्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. मी तक्रार मेलनं पाठवली, उत्तरात तेच वाक्य आलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं पिन कापून नवी सोल्डर करून दिली. एका चहा-नाश्त्याचे पैसे घेतले. आता पहिल्यापेक्षा घट्ट बसते.

मधल्या काळात मित्राचा ब्लूटूथ हेडफोन वापरून पाहिला. त्याचा आवाज चांगला, पण उशिरा पोचतो. गाण्याला फरक पडत नाही. इथं फळी फिरवल्याचं पडद्यावर दिसतं आणि आवाज मागून येतो, कुत्र्याचं गुरगुरणं ऐकू येईतो तो अंगावर आलेला. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर खेळूच नका, दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात. वायरवाला साधा हेडफोन, दोन्ही कान चालू, एवढं पुरेसं आहे. महागाची गरज नाही.

एका कानानं खेळलेल्या त्या दिवसांत एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. ज्यांना एकाच कानानं ऐकू येतं त्यांच्यासाठी हा गेम कायमच असा आहे. मला पिन बदलून मोकळं होता आलं, त्यांना येणार नाही. थाप कुठल्या बाजूला पडली हे पडद्याच्या कडेला अंधूक खुणेनं दाखवलं तर भीती कमी होणार नाही, मला तर वाटतं वाढेलच. आवाजावर इतका भर देणाऱ्या प्रत्येक गेममध्ये तसा पर्याय असायला हवा, आणि या प्रकारचे नवे गेम करणाऱ्यांनी तो पहिल्या दिवसापासून ठेवावा.

बाकीचं भराभर. दुसऱ्या भागातली दलदल मला लांबलेली वाटली. तिथं गेलात की पहिल्या जंगलात परत येता येत नाही, त्यामुळे राहिलेली कामं आधी उरका. चुलीवर मशरूम शिजवून त्याचा अर्क टोचून घ्यायचा आणि नवं कौशल्य मिळवायचं, ही कल्पना मस्त आहे, कारण मधूनमधून त्याबरोबर एक खोटही स्वीकारावी लागते. रात्र निभावली की सकाळी व्यापारी येतो आणि त्याच्याकडे पत वाढते. ती पत वाया घालवू नका, पेट्रोलवर खर्च करा. घरातले दिवे चालवणारा जनरेटर मध्यरात्री बंद पडला तर बाकी सगळी तयारी फुकट. अक्षरं बारीक आहेत. जुन्या लॅपटॉपवर गेम चालतो, माझा मात्र पावसाच्या दृश्यांत थोडा अडखळला.

पैशांचं शेवटी सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गेम पूर्ण आल्यावर थोड्याच दिवसांत तो बनवणाऱ्यांनी स्वतःच त्याचा टॉरेंट (नेटवरून उतरवायची फाइल) फुकट ठेवला, कुठलंही कुलूप न लावता. एका खेळाडूनं त्यांना कळवलं होतं की महिन्याचं बिल बघून आईवडिलांना ताण नको म्हणून तो पैसे परत मागतोय. त्याच्यासारख्यांना खेळता यावं, हा त्यामागचा हेतू. बदल्यात त्यांनी एकच विनंती केली: गेम चालू करायचे कोड (‘की’) स्वस्तात विकणाऱ्या साइटवरून घेऊ नका. मी पैशाला जपणारा माणूस आहे, सेलशिवाय गेम घेत नाही, आणि अशा साइटवर पूर्वी पुष्कळ वेळा घेतलेले आहेत. हा मात्र सरळ स्टीमवरून घेतला आणि दुसऱ्यांदा संपल्यावर भावासाठी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून अजून एक घेतला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं तो टॉरेंट खुशाल उतरवावा, त्यांनीच दिलाय. ज्याच्याकडे आहेत त्यानं सेलची वाट बघावी आणि दुकानातूनच घ्यावा. उरलेल्या पैशांत वायरवाला हेडफोन बसतो, आणि पिन तुटली तर सर्व्हिस सेंटरच्या आधी गल्लीतला दुरुस्तीवाला गाठा.