चिपळूणचा सीईटी क्रॅश कोर्स: टेस्टसाठी जा, बॅनर बघून नको

क्लासच्या दारावरच्या बॅनरवर फोटो आहेत आणि खाली बारावीचे टक्के. इंजिनिअरिंगला त्यांचा उपयोग किती? पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) खुल्या गटात ४५ टक्के, राखीव गटात ४० मिळाले की पात्र. मेरिट लागतं सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. आपलं कोकण बोर्ड २०१२पासून बारावीच्या निकालात पहिलं, २०२५ला ९६.७४ टक्के. क्लासच्या सरांना म्हटलं, ते पेढे खाऊन झाले, सीईटीचं काय ते सांगा. मग त्यांनी ड्रॉवरमधून पर्सेंटाइलची यादी काढली. देखणी नव्हती, पण खरी वाटली. लेकीचं नाव घातलं.

टेस्टना पैकीच्या पैकी तारे. कॉम्प्युटरवर, घड्याळ लावून. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० प्रश्न तेवढ्याच वेळात. गणिताला प्रश्नामागे २ मार्क, म्हणजे २००पैकी १०० तिथेच. आमची बाय बोर्डाच्या सवयीने कच्च्या कागदावर एकेक पायरी लिहीत बसायची आणि न येणारे प्रश्न कोरे ठेवायची. अगो, निगेटिव्ह मार्किंगच नाही तर कोरं कशाला! सरांनी प्रत्येक टेस्टनंतर तिला शेजारी बसवून कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला ते दाखवलं. वर्षभर कॉलेजात हे कुणी केलं नव्हतं.

पालकांचीही एक बैठक घेतली. पेपर अनेक सत्रांत होतो, म्हणून ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. आपल्या सत्रातले शंभरातले नव्वद जण आपल्याएवढे किंवा आपल्या खाली, हे फळ्यावर मांडून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका काकांना तरीही पटलं नाही.

आता उणं. अकरावीवर २० टक्के प्रश्न असतात आणि आमच्याकडे अकरावी म्हणजे सुट्टीच. ते धडे इथे अक्षरशः पळवले. सुटायची वेळ पाळत नाहीत, शृंगारतळीकडची एसटी निघून जाते. एप्रिलच्या घामात एका खोलीत दोन पंखे. कॅपचा, म्हणजे कॉलेज वाटणाऱ्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, पसंतीक्रम भरायला मदत करू म्हणाले होते, पण तेव्हा क्लासला कुलूप होतं. २०२५पासून पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट पक्की होते, पुढच्या फेरीला जाता येत नाही; तेव्हा नेमकं विचारायचं कुणाला?

पाचपैकी साडेतीन. अकरावी घरून करून पाठवा, फी हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता पसंतीक्रम भरून झाल्यावर.