मेडिक्लेमचं कार्ड काही महिने वापरल्यावर: त्यावर काय असतं आणि काय नसतं

गेल्या रिन्यूअलपासून घरातल्या सगळ्यांची मेडिक्लेमची कार्डं मीच सांभाळते. नवऱ्याच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी, आमची स्वतःची फॅमिली फ्लोटर (एकाच विमा रकमेत सगळं कुटुंब) आणि माझ्या आई-बाबांची वेगळी पॉलिसी. मधल्या काळात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नवऱ्याला डेंग्यूमुळे ॲडमिट करावं लागलं. एक काम आधीपासून ठरलेलं, दुसरं अचानक आलेलं. दोन्ही वेळा कॅशलेस मिळालं. तरी एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की हे कार्ड आपल्यासाठी छापलेलंच नसतं. ते हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कसाठी असतं (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था). माणूस कोण, पॉलिसी कोणती, फोन कुणाला लावायचा, एवढं डेस्कला लागतं आणि तेवढंच कार्डावर असतं. खिशातून किती जाणार हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यातली एकही बहुतेक कार्डांवर सापडत नाही.

आधी कार्डावर काय असतं ते. नाव, जन्मतारीख किंवा वय, पॉलिसीधारकाशी नातं, पॉलिसी नंबर, मेंबर आयडी किंवा यूएचआयडी (विमा घेतलेल्या प्रत्येक माणसाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), विमा कंपनीचं नाव, टीपीए असेल तर त्याचं नाव, पॉलिसीची मुदत आणि टोल-फ्री नंबर. ग्रुप पॉलिसीच्या कार्डावर ऑफिसचं नाव आणि एम्प्लॉयी आयडीही असतो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे कार्ड फक्त ओळखीसाठी आहे, पैसे मिळतीलच याची हमी नाही आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं. ही ओळ घरातल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. कार्ड दाखवलं म्हणजे काम झालं असं समजून लोक निवांत बसतात, आणि प्री-ऑथचा, म्हणजे कॅशलेससाठी आधी मंजुरी मागण्याचा, फॉर्म डेस्कवर तसाच पडून राहतो.

नंबरांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो पॉलिसी नंबर आणि यूएचआयडीमध्ये. बऱ्याच कंपन्यांत पॉलिसी नंबर दर रिन्यूअलला बदलतो. यूएचआयडी माणसाचा असतो, त्यामुळे तो बहुधा तोच राहतो. बाबांच्या फोनमध्ये मागच्या वर्षीच्या कार्डाचा फोटो होता. दिसायला तंतोतंत तसंच कार्ड, यूएचआयडी तोच, फक्त पॉलिसी नंबर आणि तारखा जुन्या. डेस्कवरच्या मुलीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "काका, हे संपलेलं आहे, चालू वर्षाचं द्या." तिने ते ओळखलं म्हणून बरं. तिने तोच नंबर टाकला असता, तर पॉलिसी बंद आहे असं उत्तर आलं असतं आणि सकाळी ठरलेलं ऑपरेशन दुपारवर गेलं असतं. मी तिथल्या तिथे नवं कार्ड ॲपमधून काढलं आणि जुना फोटो बाबांसमोरच डिलीट केला. तेव्हापासून रिन्यूअल झालं की नवीन ई-कार्ड डाउनलोड करून घरच्या ग्रुपवर टाकायचं आणि जुनं प्रत्येकाच्या फोनमधून काढायचं, असा नियमच केलाय.

यूएचआयडीची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे हॉस्पिटलसुद्धा स्वतःच्या पेशंटला नंबर देतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यालाही यूएचआयडीच म्हणतात. फाइलवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर वेगळा, कार्डावरचा वेगळा. फोनवर टीपीएवाले यूएचआयडी मागतात तेव्हा त्यांना कार्डावरचाच हवा असतो.

नावाचं प्रकरण आपल्याकडे जास्त अवघड होतं. आपण आधी नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव लिहितो. सरकारी फॉर्मवर कधी आडनाव आधी येतं. लग्नानंतर बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, आणि आधार, पॅन, बँक, विमा या चार ठिकाणी ते चार वेगवेगळ्या वेळी बदलतं. आईच्या कार्डावर मधल्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर होतं आणि जन्मवर्ष आधारपेक्षा वेगळं होतं. नावातल्या एका अक्षराचं फारसं कुणी मनावर घेत नाही, पण जन्मतारीख वेगळी असेल तर क्वेरी येण्याची शक्यता बरीच असते. आम्ही ते आजारपण नसतानाच दुरुस्त करून घेतलं. आधारची प्रत आणि एक अर्ज, एवढ्यावर काम झालं, पण कस्टमर केअरला पुन्हा पुन्हा आठवण करावी लागली. दुरुस्तीची पोच, म्हणजे एंडोर्समेंट, ईमेलवर आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. नुसतं "हो, नोंद घेतली" याला काही अर्थ नाही.

मुदतीच्या तारखा नीट बघा. ग्रुप पॉलिसीची मुदत ऑफिसच्या सोयीने ठरते आणि नोकरी सोडली की ते कार्ड संपतं, त्यावर पुढची तारीख छापलेली असली तरी. स्वतःच्या पॉलिसीत वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, पण त्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. त्या 30 दिवसांत पैसे भरले तर आधी जमा झालेले वेटिंग पिरियडचे (काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं त्या मुदतीचे) फायदे टिकतात. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांत ॲडमिट व्हावं लागलं, तर तो खर्च मात्र मिळत नाही.

काही कार्डांवर पहिल्यांदा पॉलिसी घेतल्याची तारीखही असते. माझ्या मते संपूर्ण कार्डावरची ही सगळ्यात मोलाची ओळ, कारण वेटिंग पिरियड तिथून मोजतात. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. 60 महिने सलग पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हे दोन्ही नियम 2024 पासूनचे आहेत. आधी ही मुदत 48 आणि 96 महिन्यांची होती. पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली असेल तर जुनी तारीख नव्या कागदांवर आलीय की नाही हे पहिल्याच दिवशी बघा. मधे विमा रक्कम वाढवली असेल तर वाढलेल्या रकमेपुरतं घड्याळ नव्याने सुरू होतं, हेही डोक्यात असू द्या.

आता जे कार्डावर नसतं त्याकडे येते. नवऱ्याला रात्री ताप उतरेना म्हणून नेलं, प्लेटलेट्स कमी आल्या आणि ॲडमिट करायचं ठरलं. डेस्कवरून पहिला प्रश्न आला, "ताई, रूम कोणती टाकू? ट्विन शेअरिंग की सिंगल?" उत्तर तिथेच, उभ्या-उभ्या द्यायचं होतं. कार्ड माझ्या हातात होतं आणि त्यावर याचं उत्तर नव्हतं. ते होतं कस्टमर इन्फर्मेशन शीटमध्ये, आणि ती शीट मी कार्डाच्या शेजारीच फोनमध्ये ठेवली होती. आमच्या पॉलिसीत रूमचं भाडं विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत आहे. विमा रक्कम 5 लाख, म्हणजे दिवसाला 5,000. सिंगल रूम 8,000 ची होती. मी ट्विन शेअरिंग सांगितलं.

या उत्तरात किती पैसे असतात ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की फक्त वरचे 3,000 आपण भरायचे. तसं नसतं. रूमची मर्यादा असलेल्या पॉलिसीत मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली तर डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे रूमबरोबर वाढणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. 5,000 ची मर्यादा आणि 8,000 ची रूम असेल तर या खर्चातले पाच अष्टमांश मिळतात. हे खर्च 80,000 झाले तर 50,000 मंजूर, 30,000 आपल्या खिशातून, आणि रूमच्या भाड्यातला फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणात कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. डिडक्शनमध्ये तसं काही दिसलं तर डेस्कवर बसूनच विचारा.

ही कस्टमर इन्फर्मेशन शीट म्हणजे विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना द्यायला लावलेला छोटा कागद. 1 जानेवारी 2024 पासून तो नव्या, सोप्या नमुन्यात येतो. विमा रक्कम, काय मिळतं, काय मिळत नाही, वेटिंग पिरियड, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा), आजारनिहाय मर्यादा, क्लेम कसा करायचा, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात एका ठिकाणी असतं. बाबांच्या मोतीबिंदूला त्यांच्या पॉलिसीत एका डोळ्यामागे ठरावीक रक्कमच मिळते, हे मला त्यातूनच आधी कळलं होतं. त्यामुळे लेन्स निवडताना डॉक्टरांशी आकडा समोर ठेवून बोलता आलं. कार्डापेक्षा हा कागद मी जास्त वेळा उघडला आहे.

डिस्चार्जचा अनुभव मात्र थकवणारा. मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो; तीन तासांहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण हे तीन तास डॉक्टर "घरी जा" म्हणाले तेव्हापासून मोजत नाहीत. हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती कंपनीला पाठवली की तिथून मोजतात. आमची फाइल राउंडनंतर बराच वेळ बिलिंगमध्येच होती. कार्डावरच्या टोल-फ्रीवर फोन केला तेव्हा कळलं की कंपनीकडे अजून काही पोचलेलंच नाही. मग मी बिलिंगला जाऊन बसले आणि काम हललं. कार्डावरचा हा नंबर अशा वेळीच खरा उपयोगी पडतो: फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर अडकलीय हे तो सांगतो. पहिलं अप्रूव्हल आलं की क्लेम नंबर लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक फोनला तोच विचारतात.

दोन पॉलिसी असतील तर कोणतं कार्ड आधी द्यायचं हे आपण ठरवायचं असतं. पहिलीतून पूर्ण भागलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधायची जबाबदारी पहिल्या कंपनीवर आहे. प्री-ऑथच्या फॉर्ममध्ये दुसरा विमा आहे का असा प्रश्न असतो, तिथे खरं उत्तर लिहा. आम्ही ऑफिसचं कार्ड दिलं नाही, त्या पॉलिसीत को-पे होता.

आणखी एक गोष्ट, कारण डेस्कवर थांबले असताना डोळ्यांसमोर बघितली. एक आजी आभा कार्ड घेऊन आल्या होत्या आणि त्यावर उपचार मिळतील अशी त्यांची समजूत होती. आभाचा 14 आकडी नंबर म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडण्याची ओळख, तो विमा नाही. आयुष्मान कार्ड वेगळं. त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, ते काढता येतं. त्या आजींचं वय बघता त्यांना ते सहज मिळालं असतं. डेस्कवरच्या मुलीने त्यांना तसं समजावून सांगितलं, पण तोवर त्यांच्या मुलाने डिपॉझिट भरलं होतं. तुमच्या घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर हे कार्ड आजच काढा.

ओळखपत्र म्हणून मी मेडिक्लेमच्या कार्डाला पैकीच्या पैकी गुण देईन. प्लास्टिकचं कार्ड हवंच असं नाही, ई-कार्ड दोन्ही हॉस्पिटलांत चाललं. फक्त पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा. माहितीच्या बाबतीत ते अगदीच तोकडं आहे. रूमची मर्यादा आणि को-पे या दोन ओळी मागच्या बाजूला सहज मावल्या असत्या. तोवर आमच्या घरी शीटचं पहिलं पान छापून आई-बाबांच्या फाइलमध्ये लावलंय. ग्राहकाने मागितली तर ही शीट स्थानिक भाषेत द्यावी असा नियम आहे. आईला इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो, म्हणून मी कंपनीला मराठी प्रतीसाठी ईमेल केलाय. अजून उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात आलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकणार आहे.