झाडांतला एकर की वसाहतीतला प्लॉट? कोआलाच्या बाजूने हिशेब

ब्रिस्बेनला येऊन पाच-सात वर्षं झाली, नोकरी रुळली, की आपल्याकडच्या घरांत शनिवारी एकच विषय निघतो: जागा कुठे घ्यायची? काहींचा ओढा रिप्ली, याराबिल्बा, फ्लॅगस्टोन अशा नव्या वसाहतींकडे असतो. चारशे चौरस मीटरचा प्लॉट, गल्लीत दोन मराठी घरं, गणपतीला आरतीपुरती माणसं. काहींना माउंट कॉटन किंवा सॅमफर्डकडचं एकरेज, म्हणजे एकरभर झाडीतली जागा, हवी असते. निलगिरीची उंच झाडं, सकाळी पक्ष्यांचा गलका, नशीब असेल तर फांदीच्या बेचक्यात झोपलेला कोआला.

ओळखीतल्या एका जोडप्याने मागच्या महिन्यात विचारलं, "दादा, दोन्ही परवडतंय. कोआलाचं नुकसान कशात कमी?" मी जमीन मोकळी करणाऱ्या साइट्सवर काम करतो. म्हणजे हा प्रश्न त्यांनी खाटकाला विचारल्यासारखंच झालं. पण खाटकाला जनावराची माहिती असते.

प्रश्न चैनीचा नाही. फेब्रुवारी 2022 पासून क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातले कोआला ऑस्ट्रेलियात देशपातळीवर 'धोक्यात' या वर्गात आहेत. त्याआधी, 2012 पासून, ते एक पायरी खाली, 'असुरक्षित' वर्गात होते. रेडलँड, लोगन आणि ब्रिस्बेनचा थोडा भाग मिळून ज्याला कोआला कोस्ट म्हणतात, तिथली संख्या 1996 ते 2014 या काळात सुमारे 80 टक्क्यांनी घटली. तुम्ही बघताय ती जागा बहुतेक याच पट्ट्यात किंवा त्याच्या अंगाला आहे.

झाड पडतं ती सकाळ

आधी वसाहत. लोकांना वाटतं तिथे बुलडोझर सरळ घुसवतात. तसं नसतं. तोडणीच्या वेळी प्रशिक्षित कोआला स्पॉटर, म्हणजे झाडांवरचे कोआला हुडकणारा माणूस, हजर असावा लागतो. 6 हेक्टरपर्यंतच्या साइटवर एका टप्प्यात निम्म्याहून जास्त झाडोरा काढता येत नाही. त्याहून मोठी असेल तर 3 हेक्टर किंवा 3 टक्के, यातलं जे जास्त ते. दोन टप्प्यांच्या मध्ये संध्याकाळी 6 ते सकाळी 6 अशी किमान एक रात्र यंत्रं बंद. कोआला रात्री उतरतो, त्याला आपल्या पायांनी निघून जाता यावं म्हणून ही सोय. ज्या झाडावर कोआला आहे ते झाड तोडायचं नाही, आणि ज्याचा शेंडा त्या झाडाला भिडलाय तेही नाही.

एकदा असाच एक नर आमच्या साइटवर तीन दिवस बसून राहिला. स्पॉटर बाईंना तो आधी दिसलाच नव्हता. त्यांना दिसल्या बुंध्याशी पडलेल्या लेंड्या, खारकेच्या बीएवढ्या. एक उचलून दोन बोटांत चुरडली, नाकाशी नेली, निलगिरीचा वास आला, म्हणजे ताजी. मग सालीवरचे नखांचे ओरखडे, मग दुर्बीण. झाडाला गुलाबी फीत बांधली गेली आणि एक्स्कॅव्हेटर भाड्यासकट उभा राहिला. फोरमन दर दोन तासांनी वर बघून जायचा, जणू जावई रुसून बसलाय. चौथ्या सकाळी झाड रिकामं होतं. दहाच्या आत ते आडवं झालं.

म्हणजे त्या दिवशी त्या कोआलाला खरचटलंही नाही. फक्त त्याचं घर गेलं. नियमाने एवढंच साधतं, आणि वसाहतीच्या माहितीपत्रकात 'कोआलांची काळजी घेऊन' असं छापलेलं असतं त्याचा अर्थही बहुतेक वेळा एवढाच असतो.

शिवाय रिप्ली, याराबिल्बा, फ्लॅगस्टोन हे तिन्ही राज्याचे 'प्राधान्य विकास क्षेत्र' आहेत, म्हणजे राज्याने विकासासाठी खास नेमलेली जागा. 7 फेब्रुवारी 2020 पासून आग्नेय क्वीन्सलंडमध्ये कोआला प्राधान्य क्षेत्रातला, म्हणजे कोआला जपण्यासाठी निवडलेल्या भागातला, अधिवास विकासासाठी तोडण्यावर जी बंदी आली, ती या क्षेत्रांना लागू होत नाही. केंद्राचा पर्यावरण कायदा तिथेही आहे, पण राज्याची भिंत नाही. वसाहतीच्या विरोधात सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

एकरातला हिशेब

आता एकरेज. इथे बंदी लागू असते, तरी तिला फटी आहेत. अधिवासातली एकूण 500 चौरस मीटरपर्यंतची तोड सूट म्हणून चालते. त्यावर आगीपासून बचावाची सूट. घराभोवती मोकळा पट्टा राखायची मुभा असते: 20 मीटर किंवा लगतच्या सर्वांत उंच झाडाच्या दीडपट, यातलं जे जास्त. कागद घ्या आणि 15 बाय 15 मीटरचं घर काढा. चारही बाजूंना 20 मीटर सोडा. झाला 55 बाय 55 चा चौकोन, म्हणजे 3025 चौरस मीटर. एकर असतो 4047 चा. झाडांत राहायचं म्हणून घेतलेल्या एकरातला तीन चतुर्थांश भाग आगीच्या भीतीने कायदेशीरपणे मोकळा होऊ शकतो. पुढे ड्राइव्हवे आहे, शेड आहे, सांडपाण्याची टाकी आहे.

करायलाच हवं असं नाही, ही एकरेजची जमेची बाजू. जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं, किंवा आधीच मोकळ्या असलेल्या कोपऱ्यात बांधलं, तर एकही मोठं झाड न पाडता काम होतं. वसाहतीत तुमच्या हातात हा निर्णय कधीच नसतो. तुम्ही येता तेव्हा जमीन तळहातासारखी असते. एकरात निर्णय तुमचा, आणि चूकही तुमचीच.

मोठं झाड म्हणजे किती मोठं? कायद्याच्या लेखी 4 मीटरहून उंच, किंवा जमिनीपासून 1.3 मीटरवर बुंध्याचा घेर 31.5 सेंटिमीटरहून जास्त. शिंप्याची टेप घेऊन प्लॉटवर जा. इतकं बारीक झाडही मोजलं जातं हे कळल्यावर पुष्कळांचे आराखडे बदलतात.

'एक तोडा, तीन लावा'

दोन्हीकडे हे वाक्य ऐकू येईल. भरपाईचा नियम खरंच तसा आहे: प्रत्येक मोठ्या झाडामागे तीन नवी, नाहीतर पैसे भरा. मुंबईत आरेच्या वेळी हाच युक्तिवाद आपण ऐकला आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो समजावून सांगायला नको. रोपट्यावर कोआलाला चढता यायला, पोटभर पाला मिळायला किमान दहा वर्षं जातात, आणि ती तीन झाडं बहुधा दुसऱ्याच तालुक्यात असतात. आज बेघर झालेल्या नराला त्यांचा उपयोग शून्य. भरपाईला मी या तुलनेत गुणच देत नाही.

खरा धोका जमिनीवर

या प्राण्याची गंमत अशी की दिवसाचे अठरा-वीस तास तो झाडावर सुरक्षित झोपलेला असतो. धोका वाढतो तो एका झाडावरून उतरून दुसऱ्याकडे चालत जाताना. जुलै-ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत विणीचा हंगाम, तेव्हा तरुण नर खूप फिरतात. ब्रिस्बेनच्या उत्तरेचा पेट्री ते किप्पा-रिंग रेल्वेमार्ग 2016 मध्ये सुरू झाला. त्याच्या बांधकामाच्या वर्षांत 500 हून अधिक कोआलांना ट्रान्समीटर लावून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. मृत्यूंची मोठी कारणं निघाली जंगली कुत्रे आणि आजार.

पाळीव कुत्र्याचाही धोका तोच, म्हणून मी त्या जोडप्याला उलट विचारलं, "कुत्रं पाळणार आहात का?" मुलीला लॅब्राडोर कबूल केला होता. तर मग एकर धोक्याचा. एकरात कुत्रं मोकळं असतं, कोआला आत येतो, आणि चावा किरकोळ दिसला तरी आतून जीव जातो. रेडलँडमध्ये कोआला भागातल्या मोठ्या प्लॉटवर रात्री कुत्रं बंदिस्त ठेवण्याचा नियम याचसाठी आहे. वसाहतीत छोटं आवार, घट्ट कुंपण, कोआला मुळातच आत येत नाही. इथे वसाहत जिंकते, हे मला आवडो न आवडो.

रस्त्याच्या बाबतीत मात्र वसाहती-वसाहतींत फरक आहे. काही ठिकाणी झाडांचा पट्टा राखून रस्त्याच्या बाजूला कोआलाला चढता येणार नाही असं कुंपण आणि खाली भुयारी वाट असते. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गाखालून वाघ जातात, तसंच हे. कुंपण आणि वाट दोन्ही असतील तरच अर्थ. नुसतं कुंपण म्हणजे तुरुंग, नुसती वाट म्हणजे शोभा. आणि पट्ट्याची रुंदी विचारा. सिडनीच्या कॅम्पबेलटाउन भागासाठी न्यू साउथ वेल्सच्या मुख्य वैज्ञानिकांच्या कार्यालयाने सरासरी 390 ते 425 मीटर रुंदी सांगितली होती. विक्री कार्यालयातल्या मुलाने नकाशावरच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं, की ती किती मीटर आणि त्यात सायकल ट्रॅक व खेळाचं मैदान धरलंय का, एवढं विचारायचं. माझ्या अनुभवात तिथे तो मॅनेजरला बोलवायला जातो.

मग काय घ्यावं?

कुत्रं नसेल, मोकळ्या कोपऱ्यात मावेल इतकंच घर हवं असेल, आणि आगीच्या पट्ट्याचा हिशेब झाडं न पाडता बसत असेल, तर एकर घ्या. यातली एक अट जरी सुटली तरी झाडांचा रुंद पट्टा आणि कुंपण असलेली वसाहत बरी. पट्टा अरुंद असेल तर दोन्ही नकोत.

तिसरी वाट त्यांनी विचारली नव्हती, मीच सुचवली: क्लीव्हलंड किंवा ऑर्मिस्टनसारख्या जुन्या उपनगरातलं जुनं घर. तिथली जमीन कधीच मोकळी झालेली आहे, नवीन काही पडत नाही, आणि कोआला अजून रस्त्याकडेच्या झाडांवर राहतात. सौदा करण्याआधी प्लॉटचा क्रमांक टाकून राज्याकडून फुकट मिळणारा वनस्पती-अहवाल मागवा. कोआला अधिवासाचा नकाशा त्यातच असतो.

ते जोडपं आता तसंच एक घर बघतंय. लॅब्राडोर कायम आहे, रात्री गॅरेजमध्ये झोपेल म्हणतात. मागे पोहण्याचा तलाव आहे. मी सांगितलंय, काठावरच्या खांबाला जाड दोर बांधा आणि दुसऱ्या टोकाला तरंगणारा डबा लावून तो पाण्यात सोडा. कोआलाला पोहता येतं, पण गुळगुळीत कडेवर नखं रुतत नाहीत.