इमल्शनसाठी थिकनर: एचईसी, हेझ की ह्युअर?

छोट्या पेंट युनिटमध्ये थिकनर, म्हणजे इमल्शन पेंट घट्ट करणारा घटक, घेताना पहिला प्रश्न किलोचा भाव काय आणि दुसरा केयू (क्रेब्स युनिट, पेंटच्या घट्टपणाचं माप) किती येतं, बास. पण डब्यात पेंट घट्ट दिसणं वेगळं आणि भिंतीवर त्याची नीट फिल्म बसणं वेगळं. म्हणून एचईसी, हेझ आणि ह्युअर या तिघांकडे आज फिल्मच्या अंगाने बघू.

लॅटेक्समध्ये, म्हणजे पेंटची फिल्म बांधणाऱ्या बाइंडरमध्ये, पॉलिमरचे बारीक कण पाण्यात असतात, साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे. पाणी उडालं की ते जवळ येतात, एकमेकांवर दाबून चपटे होतात, आणि मग एका कणातल्या साखळ्या शेजारच्या कणात शिरतात तेव्हा कुठे खरी ताकद येते. आता पाण्यात विरघळलेलं जे काही उडून जात नाही ते सगळं या कणांच्या सांध्यांत जाऊन बसतं, आणि थिकनर त्यातलाच एक, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त डोस म्हणजे सांधे कच्चे आणि फिल्म पाण्याला हळवी, मग तो कुठलाही असो.

एचईसी (हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज) सगळ्यांच्या ओळखीचा. सेल्युलोजची लांब साखळी, खळीसारखं पाणीच घट्ट करतो, बाइंडरशी त्याचं काही घेणंदेणं नाही. बाइंडर बदला, सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) बदला, टिंटर (शेडसाठीचा कलरंट) टाका, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) फारशी हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ही लांब साखळी दोन कणांमधल्या अरुंद फटीत मावत नाही, मग फटीत नुसतं पाणी उरतं आणि बाहेरच्या दाबाने कण एकमेकांकडे ढकलले जाऊन पुंजके होतात. याला डिप्लीशन फ्लॉक्युलेशन म्हणतात. पुंजक्यांसकट पेंट सुकला की कणांची रचना ओबडधोबड राहते, ग्लॉस कमी होतो, त्यात लेव्हलिंग (थर आपोआप सपाट होणं) कमी म्हणून ब्रशचे वण, आणि रोलर मारताना शिंतोडे उडतात ते वेगळेच. अजून एक दुखणं म्हणजे एन्झाइम. टाकीतलं पाणी खराब असेल तर बॅक्टेरियाने सोडलेलं सेल्युलेज साखळ्या तोडतं, आणि नंतर बायोसाइड टाकून बॅक्टेरिया मेले तरी एन्झाइम मागे राहतं, पेंट पातळ होतच जातो.

हेझ (HASE) म्हणजे अल्कलीत फुगणारा अ‍ॅक्रिलिक, पांढऱ्या दुधासारखा येतो, आम्लधर्मी, बहुतेक ग्रेडमध्ये ३०% च्या आसपास सॉलिड. पीएच ८.५-९ ला नेला की फुगतो. स्वस्त, वापरायला सोपा, सेल्युलेज त्याचं काही बिघडवू शकत नाही. फक्त थेट ओतू नका, आधी पाण्यात पातळ करा नाहीतर खडे पडतात आणि गाळताना डोक्याला ताप. फिल्मच्या बाबतीत त्याची गोची कार्बॉक्सिल (आम्लाच्या) गटांची आहे, फिल्म सुकली तरी ते तिथेच असतात. अमोनियाने पीएच चढवला असेल तर अमोनिया बराचसा उडून जातो, पण पैसे वाचवायला कॉस्टिक सोडा वापरला तर सोडियम फिल्ममध्येच राहतो आणि पाणी ओढतो. ताज्या प्लास्टरवर, जिथे अल्कली भरपूर, तिथे निव्वळ हेझवर चालवलेला पेंट मी तरी देणार नाही.

ह्युअर (HEUR, युरेथेन जातीचा थिकनर) महाग, पण फिल्मला सगळ्यात कमी त्रास देणारा. साखळी आखूड, मधला भाग पाण्याचा मित्र आणि दोन्ही टोकं पाण्याला लांब ठेवणारी. ही टोकं लॅटेक्सच्या कणांवर जाऊन बसतात आणि कणाकणांत जाळं तयार होतं, पण कण सुटे राहतात, म्हणून सुकताना रचना नीट, लेव्हलिंग छान, ग्लॉस चांगला. मात्र लॅटेक्स कमी असेल तर टोकांना बसायला जागाच नाही, म्हणजे ७०-७५ पीव्हीसीच्या (सुक्या फिल्ममध्ये पिगमेंट-फिलरचा घनफळातला टक्का) स्वस्त इमल्शनमध्ये पैसे वाया. शिवाय सर्फॅक्टंटशी त्याचं पटत नाही, डीलरकडच्या टिंटिंग मशीनमधून गडद शेड काढली की कलरंटमधला सर्फॅक्टंट ती टोकं पकडतो आणि केयू धाडकन खाली. गिऱ्हाईक म्हणतं पेंटमध्ये पाणी घातलं, तुम्ही बसा समजावत!

माझा कौल असा: इकॉनॉमी इंटिरियर असेल तर एचईसी, तिथे पीव्हीसी क्रिटिकलच्या वर असते, म्हणजे पिगमेंटमधल्या फटी भरायला बाइंडर पुरत नाही, फिल्म तशीही सच्छिद्र, ग्लॉसची कोणाला पडली आहे. मधल्या रेंजला हेझ आणि जोडीला थोडा ह्युअर. सॅटिन किंवा शीनवाल्या मालात ह्युअरचीच जोडी, एक लो शिअरला (पेंट डब्यात हळू हलताना) आणि एक हाय शिअरला (ब्रश-रोलरच्या जोरात), पण टिंटिंग बेस असेल तर थोडं एचईसी राहू द्या, तेवढा आधार लागतो.

तिन्ही सॅम्पल एकाच बॅचच्या बेसमध्ये, केयू जुळवून करा. काचेवर ड्रॉडाउन (एकसारख्या जाडीचा थर) ओढा, ओला असतानाच टिंट केलेल्या सॅम्पलवर बोट फिरवा, घासलेल्या जागी शेड बदलली तर फ्लॉक्युलेशन आहे. आठवड्याने सुकलेल्या फिल्मवर पाण्याचा थेंब ठेवून बघा फिल्म फुगते का. एक प्लेट ५ अंशाला सुकवा, नाशिकच्या थंडीत काय होईल ते तिथेच कळतं, आणि भेगा दिसल्या तर थिकनरला दोष देण्याआधी बाइंडरचा एमएफएफटी (फिल्म बनायला लागणारं किमान तापमान) आणि कोअ‍ॅलेसिंगचा (कण मऊ करून जोडणारं द्रावक) डोस बघा. टिंट केलेल्या डब्याचा केयू दुसऱ्या दिवशी परत घ्या, लगेच घेतलेल्या आकड्यावर ऑर्डर देऊ नका.