सर्व्हर बदलताना डिस्क सोबत न्यायच्या असतील तर: एमडीअ‍ॅडम की झेडएफएस?

अनेक डिस्क जोडून एक संच (अ‍ॅरे) करायला लिनक्सवर दोन रस्ते: एमडीअ‍ॅडम हे सॉफ्टवेअर रेडचं साधन आणि झेडएफएस ही हे काम स्वतःच करणारी फाइल सिस्टीम. वेग, कॉम्प्रेशन, स्नॅपशॉट या मुद्द्यांवर या दोघांची तुलना भरपूर होते. इथे कसोटी एकच लावली आहे: उद्या मदरबोर्ड गेला आणि त्याच डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या, तर अडचण लवकर कुठे सापडते आणि डेटा घालवून बसण्याचा धोका कुठे जास्त?

एमडीअ‍ॅडमला निघण्यापूर्वी काही सांगावं लागत नाही. प्रत्येक डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये (माहितीच्या छोट्या नोंदीत) अ‍ॅरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि त्या डिस्कची जागा लिहिलेली असते, त्यामुळे केबलांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. जवळपास कुठल्याही लिनक्स रेस्क्यू पेनड्राइव्हवरून अ‍ॅरे उभा राहतो. ही त्याची मोठी ताकद.

पहिली तक्रार बहुतेकांची एकच: एमडी० चा एमडी१२७ झाला, म्हणजे डिव्हाइसचं नाव बदललं. अ‍ॅरेच्या नावात जुन्या सर्व्हरचं होस्टनेम असतं, म्हणून नवं मशीन त्याला परका समजतं. डेटा सुखरूप असतो. एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) फाइल सिस्टीमचा यूयूआयडी टाका, ‘डिटेल स्कॅन’ कमांडने दिलेली ओळ एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये घ्या आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टीम) पुन्हा तयार करा. शेवटची पायरी राहून जाते आणि दर बूटला १२७ परत येतो.

दुसरी तक्रार जास्त घाबरवते. एमडीस्टॅटमध्ये (सद्यस्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) अ‍ॅरे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ आणि प्रत्येक डिस्कपुढे स्पेअरचा (राखीव डिस्कचा) ‘एस’. डिस्क खरंच स्पेअर झालेल्या नसतात. बहुतेक वेळा बूट होताना काही डिस्क उशिरा दिसलेल्या असतात आणि जुळणी अर्धवट राहिलेली असते. अ‍ॅरे स्टॉप करून पुन्हा असेंबल करा. तरी अडलं तर ‘एक्झामिन’ कमांडने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट्स आकडा (किती बदल नोंदले गेले ती मोजणी) बघा. फरक थोडासाच असेल तर जबरदस्तीने जुळवणारा फोर्स पर्याय चालतो. एखादी डिस्क फारच मागे असेल, तर ती आधीच अ‍ॅरेतून बाहेर पडलेली होती. तिला बाजूला ठेवून बाकीच्या डिस्कवर उभं करा.

आणि इथेच कुणीतरी सल्ला देतं, नवी जुळणी बनवणारी ‘क्रिएट’ कमांड मारून बघ. कृपा करून थांबा. जुन्या आवृत्तीत चंक (एका डिस्कवर एका वेळी जाणारा डेटाचा तुकडा) ६४ केबीचा होता, आता डिफॉल्ट ५१२ आहे. डेटा ऑफसेटही (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो ती जागा) आवृत्तीगणिक बदलला आहे. यातलं एक किंवा डिस्कचा क्रम चुकला आणि ‘अझ्यूम क्लीन’ हा रिसिंक टाळणारा पर्याय लावायचा राहिला, की रिसिंक (डिस्क परस्परांशी जुळवणं) खऱ्या डेटावर लिहू लागतो. सुपरब्लॉक खरोखर पुसले गेले असतील तेव्हाच हा मार्ग, तोही ओव्हरले फाइलवर (बदल वेगळीकडे साठवणाऱ्या), मूळ डिस्कला हात न लावता.

सुपरब्लॉक पुसले जातात कसे? पार्टिशन न करता अख्खी डिस्क अ‍ॅरेला दिली आणि डिस्कच्या शेवटी जुन्या जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) प्रत उरली असेल, तर काही मदरबोर्डांचं यूईएफआय (बूट सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सुरुवातीची जीपीटी ‘दुरुस्त’ करतं. जीपीटी पहिल्या १७ केबीपर्यंत पसरते आणि १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक नेमका ४ केबीवर असतो. म्हणून अ‍ॅरे पार्टिशनवर बांधा आणि ‘एक्झामिन’चं आउटपुट दुसरीकडे जपून ठेवा.

झेडएफएस इथे उजवं ठरतं. लिनक्सवर अख्खी डिस्क दिली तर ते स्वतःच जीपीटी करतं आणि लेबलाच्या (पूल, म्हणजे झेडएफएसचा डिस्क-संच, ओळखणाऱ्या माहितीच्या) चार प्रती ठेवतं, दोन सुरुवातीला, दोन शेवटी. जुन्या मशीनवर एक्स्पोर्ट, नव्यावर इम्पोर्ट. माउंट पॉइंट पूलसोबत येतात. जुनं मशीन अचानक गेलं असेल तर पूल दुसऱ्या सिस्टीमचा आहे म्हणून इम्पोर्ट नाकारला जातो. हा नकार योग्यच आहे, कारण एकच पूल दोन मशीननी एकदम उघडला तर तो संपला. जुनं मशीन बंद असल्याची खात्री करून फोर्स द्या, शंका असेल तर आधी रीड-ओन्ली. कुठली डिस्क सापडली नाही हे स्टेटस नावानिशी सांगतं.

त्याची खोच आवृत्तीत आहे. पूल अपग्रेड करून नवे फीचर सुरू केले आणि नव्या सर्व्हरवर जुनं ओपनझेडएफएस (लिनक्सवर चालणारं झेडएफएस) असलं, तर पूल उघडतच नाही किंवा फक्त वाचता येतो. शिवाय मॉड्यूल मूळ लिनक्स कर्नलमध्ये नाही. उबुंटू ते सोबत देतं, डेबियनवर वेगळं बांधावं लागतं. हाताशी असलेला रेस्क्यू पेनड्राइव्ह आयत्या वेळी निरुपयोगी ठरू शकतो.

रेड कार्डामागच्या (डिस्क स्वतःच जोडणाऱ्या हार्डवेअर कार्डाच्या) डिस्कना मात्र दोघांचाही इलाज तोकडा पडतो. कार्ड स्वतःची माहिती डिस्कवर लिहितं आणि साध्या पोर्टवर डिस्कचा आकार वेगळा दिसू शकतो. कार्ड एचबीए मोडमध्येच (डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या) असू द्या.

नवी उभारणी असेल, आवृत्त्या तुमच्या हातात असतील आणि डेटा वर्षानुवर्षं टिकवायचा असेल, तर माझा कौल झेडएफएसला. क्लायंटच्या ऑफिसात मिळेल त्या मशीनवर डिस्क लावायची पाळी येत असेल, तर एमडीअ‍ॅडम. आणि आज चालू असलेला एमडीअ‍ॅडम अ‍ॅरे केवळ सर्व्हर बदलतोय म्हणून मोडू नका. बॅकअप तपासा आणि आहे तसा हलवा.