पुरुषांसाठीच्या झिंक गोळ्या: लेबल, परिणाम आणि त्याआधीचा रिपोर्ट

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सप्लिमेंटच्या दुकानातून आम्ही हा डबा घेतला. प्रोटीनच्या डब्यांशेजारीच ठेवलेला असतो, वर पिळदार दंडाचं चित्र आणि ‘पुरुषांच्या प्रजननक्षमतेसाठी’ ही ओळ. दुकानदार ह्यांना म्हणाला, “तीन महिने घ्या दादा, रिझल्ट येतोच.” गोळ्या घेतल्या माझ्या मिस्टरांनी. लेबल वाचलं मी, कारण मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. आणि ‘अजून काही नाही का?’ हा प्रश्नही प्रत्येक लग्नात, बारशात मलाच विचारला जातो. हे लिहायला ह्यांची हरकत नाही, उलट लिहीच म्हणाले.

लेबलाला पूर्ण मार्क. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मि.ग्रॅ. आणि त्याखाली ‘एलिमेंटल झिंक २० मि.ग्रॅ.’ असं वेगळं छापलंय. घेताना हा दुसरा आकडाच बघा. पोटात जातं ते संयुग, अंगाला लागतं त्यातलं जस्त, म्हणजे झिंक. झिंक ग्लुकोनेटच्या ५० मि.ग्रॅ.मध्ये जस्त जेमतेम ७ मि.ग्रॅ. असतं, आणि ‘५०’ तेवढं मोठ्या अक्षरात छापलेले डबेही त्याच फळीवर होते.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२०च्या शिफारशीप्रमाणे आपल्याकडच्या पुरुषाला दिवसाला १७ मि.ग्रॅ. जस्त हवं. अमेरिकेत हाच आकडा ११ आहे. आपण भाकरी, चपाती, डाळ जास्त खातो आणि त्यातलं फायटिक अॅसिड जस्त धरून ठेवतं, म्हणून आपली गरज जास्त धरतात. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की हे अॅसिड कमी होतं. मटणातलं जस्त सहज शोषलं जातं, तिळातही भरपूर असतं. खरोखर कमतरता असलेल्या माणसाला गोळीचा उपयोग आहेच.

त्रास म्हणाल तर, फर्स्ट शिफ्टला निघताना उपाशीपोटी घेतली की ह्यांना मळमळायचं. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं. याच्या जोडीला झिंक असलेली दुसरी मल्टिव्हिटॅमिन मात्र घेऊ नका. रोजचं जस्त ४० मि.ग्रॅ.च्या वर नको, बरेच दिवस जास्त गेलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं. काही अँटिबायोटिक्ससोबतही ही गोळी चालत नाही, मेडिकलवाल्याला विचारून मध्ये अंतर ठेवा.

आता मुख्य दावा. २००२ साली हॉलंडमध्ये जस्त आणि फॉलिक अॅसिड एकत्र देऊन एक प्रयोग झाला, त्यात कमी प्रजननक्षमता असलेल्या पुरुषांच्या सुदृढ शुक्राणूंची संख्या ७४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण पुढे अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्ध झाली. पुरुषांना सहा महिने रोज ३० मि.ग्रॅ. जस्त आणि ५ मि.ग्रॅ. फॉलिक अॅसिड दिलं. मूल झालं गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के जोडप्यांना आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल यांत फरक नाही. पोटाच्या तक्रारी मात्र गोळीवाल्यांत जास्त. एवढी मोठी चाचणी समोर असताना डब्यावरची ती ओळ मला मान्य नाही. पाचपैकी दोन स्टार देते, तेही लेबलासाठी.

माझा खरा राग ‘तीन महिने’ या शब्दांवर आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे ऐकायला ते शास्त्रीय वाटतं. तेवढ्यात जोडपी थांबतात, दुसरा डबा आणतात आणि इकडे बायकोच्या तपासण्या, नवस, उपास चालूच राहतात. पुरुषाची वीर्यतपासणी तर सगळ्यात सोपी. सुई नाही, भूल नाही.

आम्ही डबा संपायची वाट न बघता ती केली. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२१च्या निकषात मिलीलिटरला १६ मिलियन शुक्राणू ही खालची रेषा आहे, ह्यांचा आकडा बराच खाली आला. युरॉलॉजिस्टनी उभं करून हातानं तपासलं आणि डाव्या बाजूला व्हेरिकोसील असल्याचं सांगितलं, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा. मूल होत नसलेल्या पुरुषांत हे खूप आढळतं आणि ते जस्तानं बरं होत नाही. मग विचारलं, काम कुठं? शिरोलीला, फौंड्रीत, भट्टीवर. अंडकोशाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, आणि हे वर्षानुवर्षं त्या धगीत उभे. मावा, तंबाखूचा? हो. जिममध्ये इंजेक्शनं? नाही, पण माझा दीर घेतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन असं बाहेरून घेतलं की शुक्राणू बनणं बंदसुद्धा पडू शकतं, हे त्याला त्याच रात्री सांगितलं. तो गप्प ऐकत होता.

आता हे भट्टीवरून डिस्पॅचला आलेत, मावा सोडलाय, ऑपरेशनचं बोलणं चालू आहे.

तपासणीला जाणाऱ्यांनी आधी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळायचा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, घरून नेणार असाल तर तासाभरात आणि अंगाजवळ उबेत ठेवून न्या. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा करा, कारण तो वरखाली होतो.