मर्क्युरीचं सांगून फोर्डचं क्रॅक गेलेलं इंजिन गळ्यात मारलं, फ्लॅटहेड घेणाऱ्यांनी वाचाच

मंडळी, जुनं फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं आठ सिलेंडरचं इंजिन) शोधत असाल तर हे पूर्ण वाचा, कारण ज्याने मला फसवलं त्याचे धंदे अजून चालूच आहेत.

मी इथे मिशिगनमध्ये १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरवर हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) बनवतोय आणि त्यात फ्लॅटहेडच पाहिजे होतं, दुसरं काही नाही. १९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी एल मिराजच्या सुक्या तळ्यावर याच इंजिनाच्या जिवावर गाड्या पळवल्या. हॉट रॉड म्हटलं की माझ्यासाठी तोच आवाज. त्या पोरांची आवडती युक्ती म्हणजे १९४९ ते ५३ च्या मर्क्युरीचा (फोर्डचाच दुसरा ब्रँड) ४ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) फोर्डच्या ब्लॉकमध्ये टाकायचा. स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली जातो ते अंतर. फोर्डचा स्ट्रोक ३.७५ इंच, बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, दोघांचाही ३.१८७५, म्हणजे नुसत्या क्रँकने २३९ चं २५५ क्युबिक इंच होतं. म्हणून मर्क्युरी म्हटलं की भाव वाढतो आणि खोटं बोलणाऱ्यांचं फावतं.

जाहिरातीत लिहिलेलं, "१९५१ मर्क्युरी २५५, रीबिल्ट, चालू स्थितीत". माणूस वयस्कर, गोड बोलणारा, गॅरेज एकदम टापटीप. इंजिन स्टँडवर, ताजा रंग मारलेला. बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कव्हर) ब्लॉकपासून वेगळं, पाण्याची तोंडं हेडच्या पुढच्या टोकाला, म्हणजे १९४९ नंतरचं हे नक्की, कारण १९४८ पर्यंतच्या ५९ए या जुन्या फ्लॅटहेडमध्ये बेलहाउसिंग ब्लॉकसोबतच ओतलेलं असायचं आणि पाण्याची तोंडं हेडच्या मधोमध. हेडवर ८सीएम ही ओतीव अक्षरं, ती मर्क्युरीचीच. त्याने माझ्यासमोर पाना लावून क्रँक फिरवून दाखवला, मस्त फिरला. मी म्हटलं एक हेड काढू या, आत बघतो, तर म्हणतो गॅस्केट नवीन आहे, उगाच फुकट जाईल. मी म्हटलं गॅस्केटचे पैसे मी देतो, तर म्हणे दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय, त्याला बंद इंजिन पाहिजे. २२०० डॉलर रोख घेतले आणि हाताने लिहिलेली पावती दिली, तिच्यावर खाली बारीक अक्षरात "ॲज इज", म्हणजे आहे तसं घ्या, नंतर तक्रार नाही.

मशीन शॉपमध्ये हेड उघडल्यावर सगळं बाहेर आलं. पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजलं तर ३.७५ इंच, म्हणजे आत साधा फोर्डचा क्रँक. ८सीएमची हेडं दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची काढून लावलेली, हेड काय, बोल्ट काढले की १९४९ ते ५३ च्या कुठल्याही फोर्ड-मर्क्युरी ब्लॉकवर बसतं. त्याहून वाईट म्हणजे ब्लॉक. गरम टाकीतून रंग धुवून काढला तसा मधल्या दोन सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटपाशी राखाडी रंगाचा भराव दिसायला लागला. इपॉक्सी. नखाने खरवडलं तर निघालं. मग मॅग्नेटिक टेस्ट केली, काळ्या लाइटखाली सीटपासून थेट सिलेंडरच्या भिंतीत उतरलेली हिरवी रेघ चमकत होती, आणि दुसरी एक बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत. गॅस्केट नवीन असण्याचं कारण तेव्हा कळलं!

फ्लॅटहेडला हा रोग का, तर व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, एक्झॉस्टचा जाळ ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर पडतो, आणि मधल्या दोन सिलेंडरना मिळून एकच तोंड, म्हणून दर बाजूला चारऐवजी तीनच एक्झॉस्ट. तिथेच सगळ्यात जास्त तापतं आणि तिथेच बीड फुटतं. पिना मारून शिवता येतं पण त्याचा खर्च मला सांगितला तो इंजिनापेक्षा जास्त निघाला.

त्याला फोन केला तर आधी म्हणे मला काय माहीत, मीही कुणाकडून तरी घेतलंय, मग नंबर ब्लॉक. इपॉक्सी भरून वर ताजा रंग मारणाऱ्याला माहीत नसतं का हो? राग पैशाचा आहेच, पण सत्तर वर्षं टिकलेल्या ब्लॉकवर रंग फासून नवीन पोरांच्या माथी मारायचा याचा जास्त आहे, कारण अशाने एखादा पोरगा हा नाद कायमचा सोडून देतो.

तेव्हा हेड उघडू देत नसेल तर तिथून सरळ निघा, दुसरा गिऱ्हाईक येत असेल तर येऊ दे. हेडवरच्या अक्षरांवर क्रँक ठरवू नका, स्ट्रोक मोजा. ब्लॉक रंगवलेला असेल तर पैसे देण्याआधी मशीन शॉपला नेऊन क्रॅक आणि प्रेशर टेस्ट करायची अट घाला, खर्च तुम्ही करा हवा तर. आणि पावतीवर क्रँकचा स्ट्रोक आणि "ब्लॉकला क्रॅक नाही" हे त्याच्या हाताने लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात त्याच गॅरेजचा फोटो परत दिसला, तोच स्टँड, तोच रंग, इंजिन वेगळं, आणि खाली परत "मर्क्युरी २५५".